थंडीत एसी कोण लावतं

आज सकाळी तो दिवा लागला.

गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यात घोड्याच्या नालासारखं ते पिवळं चिन्ह उमटलं, मधोमध उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी झाली आहे, असा त्याचा अर्थ. दर डिसेंबरात, पहिल्या खऱ्या गार सकाळी, तो असाच लागतो. पंक्चर वगैरे काही नसतं. परवापरवापर्यंत ऊन होतं, आज पारा सातावर आला. टायरमधली हवा कुठे गेलेली नसते, थंडीने अंग चोरून बसलेली असते. चारही चाकांत दोन-तीन पॉइंट हवा भरली की दिवा विझतो. काम एवढंच. पण माझं चित्त जे उडतं ते जानेवारी संपेपर्यंत जागेवर येत नाही.

मग मी उगाच खाली-वर करत बसते. वायपर उचलून रबरावरून बोट फिरवते. आठ महिने उन्हात भाजलेलं ते रबर, बोटाला काळं लागतं आणि कडेने तुकडे पडतात. बॉनेट उघडून कूलंट बघते, काल बघितलेलं असलं तरी. डिकीतला टॉर्च लावते, विझवते, पुन्हा लावते. शेजारची केरळी बाई एकदा गॅलरीतून म्हणाली, "दीदी, गाडी बेचनी है क्या?" मी हसून वेळ मारून नेली. सांगणार तरी काय होते.

"लागला का दिवा?" मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, आज वरून खिडकीतून विचारलं.

"लागला."

"मग चल दाऊदकडे. मीही येतो."

दर वर्षी आमचं एवढंच बोलणं होतं. पाच वर्षांपूर्वी एका थंडीत, खमीस मुशैतच्या रस्त्यावर मी ह्या माणसाशी लबाडी केली. खोटं बोलले नाही, फक्त गप्प राहिले. ते मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि त्यानेही त्या दुपारचा विषय काढला नाही. तो दिवा लागला की मला ते आठवतं, म्हणून ही सगळी धावपळ.

बाकी रियाधला थंडी म्हणजे सण. उन्हाळाभर दारं-खिडक्या लावून बसलेली माणसं बाहेर पडतात, गाड्यांच्या टपावर तंबू आणि सरपण बांधून वाळवंटाकडे निघतात. ओलायातल्या काचेच्या इमारतींखाली दुपारी लोक चक्क उन्हात उभे राहून चहा पितात. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हुरड्याच्या आठवणी निघतात, कुणाच्या तरी गच्चीवर वांगी भाजली जातात. मी सगळीकडे जाते. डबा घेऊन जाते, हसते, आणि अर्ध्या तासात मला घरी जाऊन गाडी बघावीशी वाटते.

गाडी आधी मिलिंदची होती. म्हणजे कागदावर अजूनही आहे. तो ओलायातल्या एका बँकेत आयटीत, इथे येऊन त्याला पंचवीस वर्षं होत आली. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला रियाधचे रस्ते त्याने शिकवले. कुठल्या पुलावरून वळायचं, कुठे कॅमेरा आहे, कुठला ट्रेलरवाला कसा अंगावर येतो. थंडीचा त्याचा एक विधी असे. पहिल्या गार सकाळी तो गाडीतला एसी बंद करायचा आणि म्हणायचा, "चला, एसीला सुट्टी. आता भेटू मार्चमध्ये." नाशिकच्या थंडीत वाढलेला माणूस मी, मला हीटरसुद्धा नको, असं वर ऐकवायचा. दुसरं एक बटण मात्र बाराही महिने दाबलेलंच. आतली हवा आतच फिरवायचं ते बटण. धुळीच्या ह्या गावात ते कुणीच काढत नाही. आमचं तर इतकं दाबलेलं होतं की त्यावरचं चित्र पुसून गेलं होतं.

दाऊदभाई म्हणजे आमचा मेकॅनिक. महाडच्या खाडीकडचा, सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या त्या तेलकट वस्तीत, तीस वर्षं काढलेला. आमच्याशी मराठीतच बोलतो आणि गाडीविषयी बोलताना घरातल्या आजारी माणसाविषयी बोलावं तसं हळू बोलतो. "बॅटरीला उन्हाळा मारतो वहिनी, पण ती मरते थंडीत," हे त्याचं आवडतं वाक्य. सगळा उन्हाळा ती आतून खचत असते, गाडी रोज सुरू होते, कुणाला पत्ता लागत नाही. आणि एका गार सकाळी चावी फिरवली की नुसतं टक् असा आवाज. हे तो सांगायचा तेव्हा मी मिलिंदकडे बघायचं टाळायची.

कारण त्या वर्षी ऑक्टोबरात मला गाडीच्या कप्प्यात, टिश्यूच्या डब्यामागे, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली होती. लेबलवर मिलिंदचं नाव आणि तीन महिन्यांपूर्वीची तारीख. मी फोनवर औषधाचं नाव शोधलं. काचबिंदू. त्यात आधी नजरेच्या कडा जातात, समोरचं दिसत राहतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. पार्किंगमध्ये बसून मी ते तीनदा वाचलं, बाटली होती तशी ठेवली आणि वर जाऊन पोळ्या केल्या.

मग एकेक उलगडत गेलं. चहा ओतताना कपाच्या कडेवर ठेवलेलं त्याचं बोट. मॉलमध्ये खांबापासून दोन हात लांब लावलेली गाडी. अंधार पडल्यावर चालवायचं नाही, का, तर म्हणे उंट येतात रस्त्यावर. ओलायात कुठले उंट? फेब्रुवारीत त्याच्या लायसन्सचं नूतनीकरण होतं आणि त्यात डोळे तपासतात. त्याच सुमारास बँकेचा करार. करार नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही; इकामा नाही तर खलास, वीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून परत. तो का लपवत होता ते मला कळत होतं. तरी राग यायचा. आणि मी का विचारत नव्हते? मला वाटायचं, तो सांगेल. दिवाळीपर्यंत थांबले, मग डिसेंबरपर्यंत. मी विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि मग ते खोटं आम्हा दोघांना सांभाळत बसावं लागलं असतं.

गाडी मलाही येत होती. बायकांना लायसन्स मिळू लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी काढलं. पण माझी धाव किराणा आणि भारतीय शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीचं घर, एवढीच. शेजारी मिलिंद बसला की तो रिकाम्या जागी पायाने ब्रेक दाबायचा. "शुभा, आरसा. शुभा, इंडिकेटर. शुभा, तो तुला घाबरलाय, जाऊ दे त्याला." लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याकडून गाडी शिकू नये, असं माझं मत आहे.

जानेवारीत मुक्ताचा फोन आला. आमची मुलगी, जावई दक्षिणेकडच्या डोंगरांत, खमीस मुशैतला, एका प्रकल्पावर इंजिनिअर आहे. बाळंतपणाला अजून तीन आठवडे होते, मी विमानाने जायचं ठरलं होतं. पण तिचं बीपी वाढलं. "आई, डॉक्टर उद्याच अॅडमिट व्हायला सांगतायत. तू येशील ना?" आवाज अगदी दहा वर्षांच्या मुलीचा. शाळांना सुट्ट्या, चार दिवस विमानात एक जागा नाही. मिलिंद लॅपटॉपवरून उठला आणि म्हणाला, "गाडीने जाऊ. दहा तास."

"मी चालवते थोडी," मी म्हटलं.

"हायवे म्हणजे ओलाया नव्हे."

मी गप्प बसले. आज लिहिताना सुद्धा ह्या जागेशी माझा हात अडतो. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. लेकीकडे पोचायची घाई होती, हे खरं. पण भांडायचा कंटाळा आला होता, हेही तितकंच खरं आहे.

त्याच दुपारी दाऊदभाईने गाडी बघितली. बॅटरी बदलली, वायपर बदलले, हवा भरली. मग हात पुसत म्हणाला, "साहेब, वर घाटावर चाललाव तर एक ऐका. पाऊस-धुकं लागला की काचेला आतून वाफ धरते. तवा एसी लावायचा. आणि ह्यो बटन काढायचा, बाहेरची हवा आत घ्यायची."

"थंडीत एसी कोण लावतं, दाऊद?" मिलिंद हसला. "मुक्ताला कुल्फी नेऊन द्यायची आहे का माझी?"

आणि तो फोनमध्ये रस्ता बघायला लागला. मी ऐकलं. त्या दिवसांत मी सगळंच दोन माणसांपुरतं ऐकत होते.

उजाडल्यावर निघालो. मागच्या सीटवर बाळंतविडा, आळिवाचे आणि डिंकाचे लाडू, शेपा-ओव्याच्या पुड्या, मुक्ताची लहानपणची दुपटी. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना तांबूस वाळू, मध्येच एखादा उंटांचा कळप आणि फरवा म्हणतात तो जाड लोकरी अंगरखा घालून बसलेला गुराखी. मिलिंद बरा चालवत होता. समोरचं त्याला दिसत होतं. उजवी कड मी सांभाळत होते. "उजवीकडून ट्रेलर," मी आपली सहज बोलल्यासारखी म्हणायचे. "बघ, केवढे टायर आहेत." मग पाच मिनिटांनी, "अगंबाई, ही पांढरी गाडी किती जवळून गेली." तो हूं म्हणायचा. त्या सात तासांत मी एकदाही डोळा मिटला नाही. माझी मान आखडली, पाय बधिर झाले, आणि मुक्ताचा फोन येईल म्हणून मांडीवरचा फोन मी सारखा उलटसुलट करत होते.

दुपारी चढ लागला तसं आकाश उतरून आलं. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा पाऊस होता; मी थर्मास भरून आणायला धावले आणि भिजून परत आले. बाहेर सहा अंश. जावयाचा मेसेज आला होता, मुक्ताला आत घेतलंय. मिलिंदने काचा घट्ट लावल्या आणि निघाला. माझी शाल ओली, कपातल्या चहाला वाफा, आम्ही दोघं धापा टाकत. आणि ते बटण नेहमीसारखं दाबलेलं.

हळूहळू सगळं पांढरं झालं. आधी डोंगर गेले, मग पुढच्या गाडीचे दिवे. इथे धुक्यात सगळे चारही इंडिकेटर लावून चालवतात; ते नारिंगी ठिपके तेवढे लुकलुकत राहिले. मला वाटलं, घाटातलं धुकं, असंच असतं, आत्ता जाईल. मिलिंदने वेग साठावर आणला, मग चाळीसवर, मग वीसवर. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. डोळे मिटून उघडले. पुन्हा चष्मा काढला. काचेला त्याने हात लावला नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटलं नाही. मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न देत होतं.

मग त्याने गाडी रस्त्याच्या बाहेर घेतली, खडीवर, आणि थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. थोड्या वेळाने तो माझ्याकडे वळला.

"शुभा, मला दिसत नाही."

मी मांडीवरचा फोन बाजूला ठेवला.

"बरेच महिने झाले. काचबिंदू म्हणाले. तुला सांगणार होतो. आज मात्र... आज सगळंच गेलं गं. सगळं पांढरं झालंय." मी त्याला कधी असं पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही.

माझा हात कसा कोण जाणे समोरच्या काचेकडे गेला. एक बोट टेकलं आणि खाली ओढलं गेलं. त्या रेघेतून मला बाहेरचं दिसलं. रस्ता, पांढऱ्या पट्ट्या, पलीकडे पेट्रोलपंपाची हिरवी पाटी. बाहेर धुकं होतं, पण विरळ, चालवता येईल असं. बाकीचं सगळं काचेवर होतं, आतून, आमच्याच श्वासांचं. दाऊदभाई कानात बोलल्यासारखा आठवला.

त्याला सांगायला दोन शब्द पुरले असते. अरे, काच आहे. तो हसला असता, मला चार शब्द बोलला असता, आणि तसाच पुढे चालवत गेला असता. आत्ता जे तोंडातून निघालं होतं ते परत गिळलं असतं; अगं तसं काही नाही, थेंब घालतोय ना, बरं वाटतंय. आणि मी पुन्हा उजवीकडचे ट्रेलर मोजत बसले असते. त्याला वाटत होतं की तो आंधळा झाला, आणि तसं नाही हे फक्त मला माहीत होतं. ती रेघ हळूहळू धुरकट झाली. मी तिला होऊ दिलं.

"ऊठ," मी म्हटलं. "मी चालवते."

तो उतरला. पावसात, बॉनेटवर हात ठेवत ठेवत, गाडीला वळसा घालून इकडे आला. मी सीट पुढे घेतली, आरसे लावले. मग ते झिजलेलं बटण काढलं आणि एसी सुरू केला. थंड हवेचा झोत आला, मी कुडकुडले. काच खालच्या कडेपासून साफ होत वर गेली. पाटी दिसली, डोंगर दिसले, खमीस अठ्ठेचाळीस किलोमीटर असा बोर्ड दिसला.

मिलिंद समोर बघत होता.

"काच होती," तो म्हणाला.

"हो."

त्याने चाक परत मागितलं नाही. मी चाळीसच्या वर गेले नाही. मागचे लोक यल्ला यल्ला, चला चला करत हॉर्न वाजवून पुढे गेले, एकाने हातवारे केले. एका वळणावर मिलिंद हळूच म्हणाला, "उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस, सोडत सोडत दाब." पाय मात्र त्याने ह्या वेळी हलवले नाहीत. माझ्या हातांना घाम सुटला होता, एसी चालू असताना.

आम्ही पोचलो तेव्हा मुक्ता आतच होती. तासाभराने नात झाली. नर्सने ती मिलिंदच्या हातात दिली तेव्हा त्याने तिला अगदी नाकाजवळ धरलं आणि चेहरा डावीकडून उजवीकडे नेत नेत ती सगळी बघितली. जावयाला काही कळलं नाही. मुक्ताला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली.

रियाधला परतल्यावर मिलिंदने ऑफिसात स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी मोठी स्क्रीन दिली आणि करार वर्षावर आणला. तेव्हापासून दर वर्षी नूतनीकरणाचा एक महिना आम्ही जीव मुठीत धरून काढतो. डोळे आहेत तेवढे टिकून आहेत. लायसन्सच्या तपासणीला तो गेलाच नाही. गाडी मी चालवते, नातीच्या, रेवाच्या वाढदिवसाला दर जानेवारीत खमीसला सुद्धा. म्हणजे सगळं ठीक झालं, असंच कुणीही म्हणेल. पण मला तो बॉनेटला धरून चालणारा मिलिंद दिसतो. तेवढी दोन मिनिटं माणूस स्वतःला पुरता आंधळा समजत पावसात चालला, आणि मी ते चालू दिलं. लेकीसाठी केलं, त्याच्याच भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला पाच वर्षं समजावते आहे. दिवा लागला की ते समजावणं पुरत नाही.

तर आज दाऊदभाईकडे गेलो. हवेचं काम मिलिंदच करतो, तो हक्क त्याने कुणाला दिलेला नाही. टायर चाचपत जातो, झाकण काढतो, पाइप लावतो आणि दाऊदभाईला आकडे वाचायला सांगतो. चारही टायर झाले. दाऊदभाईने चहा दिला. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला, रियाधला थंडीत येतो तसा, धुळीचे ठिपके पाडणारा. कागदी कप हातात घेऊन आम्ही गाडीत येऊन बसलो. मी चावी फिरवली. पिवळा दिवा क्षणभर लागून गेला. काचा लावलेल्या, चहाच्या वाफा, समोरची काच धुरकटत चाललेली.

मिलिंदने हात पुढे केला आणि काचेवर बोटाने एक रेघ ओढली. वरून खाली.

"त्या दिवशी तू अशीच ओढली होतीस," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले. "तुला दिसली होती?"

"कडेचं मला दिसत नाही, शुभा. पण तेव्हा मी तुझ्याकडेच बघत बोलत होतो ना. रेघ दिसली, तेव्हाच कळलं."

गॅरेजमध्ये कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून." त्याने चहाचा घोट घेतला. "मला वाटलं, हिला चालवायची आहे. आणि मीही दमलो होतो गं."

मला त्याला पुष्कळ काही म्हणायचं होतं. पाच वर्षं, वायपर, टॉर्च, सगळं. डोळे मात्र भरून आले आणि मला समोरचं दिसेना.

"एसी लाव," तो म्हणाला.

मी लावला. काच साफ व्हायला वेळ लागला. तोवर आम्ही तिथेच बसून चहा संपवला.